नशिबाला रकाना नाही

चक्रीवादळात धक्क्यावरच्या चौदा शिडाच्या बोटींपैकी तेरा फुटल्या किंवा बुडाल्या. उरलेली बोट चौदांतली सर्वांत जुनी, एकेचाळीस वर्षांची होती.

तीन विमा कंपन्यांनी तिचे वय वाचूनच अर्ज परत केला. चौथीने तपासनीस बाईंना पाठवले. महिनाअखेरपर्यंत विमा झाला नाही, तर बोट धक्क्यावरून काढावी लागणार होती. आणि विम्याविना दुसरा कोणताही धक्का तिला थारा देणार नव्हता. म्हणजे भंगार. मालक, एक निवृत्त फिटर, सकाळपासून तिसऱ्यांदा डेक पुसत होते.

बाईंनी लहान हातोडीने बोटीचे अंग वीतवीतभर अंतरावर ठोकून आवाज ऐकला. डोलकाठी, बोल्ट, पंप तपासले. दोन तासांनी त्या म्हणाल्या, "काका, बोट ठणठणीत आहे. पण शेजारची सहा वर्षांची बोटही ठणठणीतच होती. ती बुडाली. ही का वाचली?"

"नशीब! दुसरं काय?"

"नशिबाला फॉर्ममध्ये रकाना नाही. कारण सापडलं नाही, तर कंपनी योगायोग म्हणेल आणि अर्ज परत पाठवेल."

फिटरांनी फडके खाली ठेवले. "वादळाच्या दिवशी मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होतो."

"मग बोट बांधली कोणी?"

"हिनं." त्यांनी चहाचा थर्मास घेऊन आलेल्या पत्नीकडे हनुवटीने खूण केली. "आणि कशी, ते विचारा! परत येऊन बघतो, तर दोर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबतायत. तुम्ही येणार म्हणून सगळे ताणून घेतले. आता बघा, कसे तारेसारखे!"

"चाळीस वर्षं हेच ऐकतेय," पत्नी म्हणाली. "माझा चहा पातळ, माझी गाठ ढिली."

बाईंनी कप खाली ठेवला. डेकवर नीट गुंडाळून ठेवलेला जास्तीचा दोर त्यांनी उलगडला. आता बांधलेल्या जागेपासून बारा फुटांवर त्याला रबरी पाइपाचा तुकडा घातलेला होता, आणि तो घासून पांढरा पडला होता. धक्क्याच्या खांबावरची चिखलाची ताजी रेघ नेहमीच्या भरतीहून अकरा फूट वर होती. बाकीच्या तेरा बोटींच्या तुटलेल्या दोरांचे आखूड, घट्ट बांधलेले तुकडे अजून खांबांना होते.

"काकू, इतका दोर सोडायचं सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? याच्या आधीच्या वादळात पाणी कुठवर चढलं होतं, त्याची रेघ गोदामाच्या भिंतीवर आहे. बाजारात जाता-येता दिसते. पाणी वर जाणार, तर बोटीला वर जाऊ द्यायला नको? नुसती ढिली ठेवली असती तर धक्क्यावर आपटली असती, म्हणून पलीकडच्या खांबांनाही बांधली. आणि दोर घासू नयेत म्हणून पाइप कापून घातला."

"माझा नवा पाइप!" फिटर ओरडले. "तो तर चोरीला गेला म्हणालीस!"

"तुमचा गुडघा ठणकत होता. म्हटलं, पाइपाचं दुःख सावकाश देऊ."

बाई त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या. "मी शिफारस करते. माझी शिफारस कंपनीनं अजून फिरवलेली नाही. अट एकच: वादळाचा इशारा आला, की दोर असेच बांधायचे."

फिटरांनी इतका मोठा श्वास सोडला, की पत्नीने दचकून वर पाहिले. मग दुखरा गुडघा सांभाळत ते वाकले आणि आपणच ताणलेली पहिली गाठ सोडून दोराचे टोक तिच्या हाती दिले.

"किती सोडायचा, ते तूच दाखव. मी खूण करून ठेवतो."

बाईंनी अहवालाचा शेवटचा रकाना भरला: "पाणी अकरा फूट चढले. तेरा बोटींचे दोर ताणलेले होते. या बोटीचे दोर बारा फूट सैल होते. ते मालकाच्या पत्नीने बांधले होते."