बावीस सेकंदांची ललिता

ऑटोवर भोंगा बांधून रफीकने सत्तावीस वर्षं अख्खा वरोरा पिंजून काढला होता. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, कुणाची म्हैस हरवली, सगळं त्याच्याच तोंडून गावाला कळायचं. पण २००९ उजाडलं आणि भोंग्याचे दिवस सरले, हे त्याचं त्यालाच कळून चुकलं. आता जाहिरात लोकांच्या खिशात वाजत होती. मग त्यानेही नागपूरच्या एका कंपनीकडून सोय घेतली. कॉम्प्युटर एका वेळी हजार मोबाइलवर फोन लावायचा. फोन उचलला की भरून ठेवलेला आवाज बोलायचा आणि कोणी किती वेळ ऐकलं ते पडद्यावर उमटायचं.

पहिलं मोठं काम एटापल्लीकडच्या एका खता-बियाण्यांच्या दुकानाचं मिळालं. आवाज तिकडचाच पाहिजे, म्हणून वरोऱ्यात नर्सिंग शिकणाऱ्या ललिताला त्याने गाठलं. पोरगी धडा वाचल्यासारखी वाचू लागली तसं त्याने हात वर केला.

"असं नाई, बेटा. पहिले हाक मार. समोरच्यानं ओ देल्ल्याशिवाय मालाचं नाव काढायचं नाई. मी भोंग्यावर बी थांबतो."

"आन् फोनले काय ओ ऐकू येते, काका?"

"फोनले नाई येत. पण माणसाले वाटते ना, कोणीतरी ऐकून राह्यलं म्हणून."

ललिता खुदकन हसली. मग "ओ बाई!" म्हणाली, चार सेकंद थांबली आणि शेजारणीशी बोलावं तशी बोलली. सगळं मिळून बावीस सेकंद.

रोज सकाळी अकराला फोन जाऊ लागले. रफीक पडदा बघत बसायचा. कोणी पाच सेकंदांत ठेवून द्यायचं, कोणी दहा, फार तर बावीस. श्रावणात मात्र एका नंबरासमोर चाळीस मिनिटं दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाळीस. नागपूरला विचारलं तर म्हणाले, मोजणीत गडबड होते कधीकधी. रफीकला ते पटलं, कारण त्याला ते पटवून घ्यायचं होतं. दुकानदाराला तर त्याने छाती फुगवून सांगितलं, "शेठ, लोक चाळीस-चाळीस मिनिटं ऐकून राह्यले आपली जाहिरात!"

आठवडाभराने एक वाळका माणूस दारात उभा राहिला. ललिताचा बाप, सुकलू. पायातली रबरी चप्पल त्याने बाहेर काढली, पण आत आला नाही.

"भाऊ, माह्या पोरीले बंद करा."

"काऊन? काय झालं? ललिता कुठी हाय?"

"मरून महिना झाला तिले. मलेरिया झालता."

रफीक मटकन खुर्चीत बसला. सुकलू दारातूनच बोलत राहिला. "आमच्या गावात मेलेल्याच्या हाकेले ओ देत नाईत, भाऊ. देल्ली का थो जीव परत जात नाई, ओ देणाऱ्याच्या मांगं राह्यते. तिची माय रोज ओ देते. मंग बोलतच बसते. जेवण सुटलं तिचं. पोरगी गेली, आता थे बी तिच्या मांगनं निंगाली."

"मंग सुटते कसं थे?"

"दुसऱ्यानं ओ देल्ली तं तिले सोडते, त्याले धरते. मी देतो म्हणलं. पण मी कान लावला का मले काईच ऐकू येत नाई." त्याने दाराची चौकट धरली. "मले हाक नाई मारत थे."

रफीकने त्याच्यासमोर ललिताचा आवाज पुसून टाकला. नागपूरला फोन करून तिच्या आईचा, त्या चाळीस मिनिटांचा, नंबरही यादीतून काढायला लावला. तरी मन थाऱ्यावर येईना. हाक मारून थांबायला त्या पोरीला शिकवलं कोणी? दुसऱ्या दिवशी तो सुकलूसोबत एटापल्लीच्या बसमध्ये बसला.

जंगलातल्या त्या गावात आठ दिवसांपासून लाइट नव्हती. मुक्कामानंतरच्या सकाळी ललिताची माय धुरपता मांडवाखाली बसलेली होती. गालफडं बसलेली, समोर आंबिलीचा वाडगा तसाच. हातातला मोबाइल कधीचा बंद पडलेला.

अकरा वाजले असतील. मोबाइल वाजला नाही. धुरपताने तो कानाला लावला.

"ओ!" ती म्हणाली.

मग बोलू लागली. भाताला पाणी लागलं, शेळी व्याली. मध्ये थांबायची. समोरच्याने चार शब्द बोलावेत इतकाच वेळ थांबायची, मान हलवायची आणि पुन्हा बोलायची. रफीक पुढे सरकला.

"धुरपताबाई, मी तो आवाज पुसला. आता काई नाई त्याच्यात."

"तुमाले काय ठाऊक!" ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

सुकलू खांबाला धरून उभा होता. रफीकने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या वाडग्याकडे. आंबिलीवर साय धरली होती. मग त्याने अलगद तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि कानाला लावला. आत नुसता अंधार असावा तसं वाटलं.

"ओ काका!"

पुसलेल्या आवाजात काका नव्हतं. तिथे बाई होतं. चार सेकंद. ठेवून देता आलं असतं.

"ओ," तो म्हणाला.

धुरपताने झोपेतून उठल्यासारखे डोळे चोळले. कोण पाहुणा आला म्हणून पदर सारखा केला. मग वाडगा ओढून घेतला आणि घटाघटा आंबील प्यायली. सुकलू तिच्याजवळ बसून लहान मुलासारखा रडू लागला.

रफीक तसाच उभा राहिला, मोबाइल कानाला लावून. कोणी हाताने खुणावलं, जेवायला चला. त्याने मान हलवून नाही म्हटलं. पोरीचं बोलणं अजून संपलं नव्हतं.