स्वागताची उडी

पृथ्वी आणि ग्रहविज्ञान विभागात नव्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतर संशोधनाला आलेल्यांचं, स्वागत भाषणांनी होत नसे. तिथे त्यांना उडी मारायला लावत. तळघरात भूकंपमापक यंत्र होतं आणि त्याच्या बरोबर वर, सभागृहात, एक ठेंगणं लाकडी स्टूल. नव्या माणसाने स्टुलावर चढायचं, दाणकन खाली उडी मारायची आणि पडद्यावर त्याचा ‘भूकंप’ उमटला की सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. तो आलेख मग कागदावर छापून व्हरांड्यात लावत. जन्मभर दगडांच्या संगतीत राहिलेल्या माणसांना याहून मोठी गंमत सुचली नसावी, आणि सुचली असती तरी ती मंजूर व्हायला दोनचार युगं गेली असती.

नुकत्याच रुजू झालेल्या तिला हे कळलं ते सभागृहाच्या दारातच. तिच्याबरोबर रुजू झालेला, चंद्रावरच्या धुळीचा अभ्यास करणारा एक लठ्ठसा मुलगा कागदी पेल्यातून चहा पीत उभा होता. त्याला सगळे चंद्रवाला म्हणू लागले होते.

“मी तर सकाळपासून नीट खाल्लंही नाही,” तो कुजबुजला. “आलेख लहान आला तर चालेल गं, पण स्टूल मोडलं तर तोंड दाखवायला जागा नाही.”

ती हसली, पण तिला उडी मारून चालणार नव्हतं. तिला तिसरा महिना चालू होता. याआधी दोनदा राहिलं होतं आणि दोन्ही वेळा टिकलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, उड्या नाहीत, ओझी नाहीत, जिनासुद्धा सावकाश. दुसऱ्या शहरात नोकरीला असलेल्या नवऱ्याखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही नाही. मागच्या वेळी आईने हौसेने दुपटी शिवायला घेतली होती, आणि पुढे त्या दुपट्यांचं काय झालं हे विचारायची तिची छाती झाली नव्हती.

दुसरी धास्ती नोकरीची. विभागप्रमुख बाईंनी तिला घेतलं होतं ते ज्वालामुखीच्या उतारावर यंत्रं बसवायच्या मोहिमेसाठी, आणि मोहीम दोन महिन्यांवर आली होती. मुलाखतीत बाईंनी विचारलं होतं, “डोंगर चढशील ना?” आणि ही म्हणाली होती, “पळत!” तेव्हा ते खरंही होतं. तिसरा महिना सुखरूप पार पडू दे, मग सांगू, असं तिने मनाशी ठरवलं होतं. सांगितलं की नजर लागते, असंही तिला आत कुठेतरी वाटत होतं. भूगर्भाच्या लहरींवर प्रबंध लिहिलेल्या आपल्यासारखीला असलं काही वाटावं याची तिची तिलाच लाज वाटे, पण वाटे.

चंद्रवाला स्टुलावर चढला. यंत्र सांभाळणारे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, ज्यांना सगळे भूकंपकाका म्हणत, त्यांनी हात खाली केला आणि चंद्रवाल्याने डोळे मिटून उडी टाकली. पडद्यावर केवढा तरी डोंगर उमटला. हशा, टाळ्या, शिट्ट्या. स्टूल शाबूत होतं.

“चला, आता तुम्ही,” भूकंपकाका तिला म्हणाले.

सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. तिने स्टुलावर एक पाय ठेवला आणि काढून घेतला.

“माझा गुडघा दुखतोय,” तिने थाप मारली.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. “गुडघा? कधीपासून?”

“तसं जुनंच आहे.”

“जुनं? मग मोहिमेचं कसं करायचं? तिथे पाठीवर बॅटऱ्या घेऊन चढायचंय.” बाई चंद्रवाल्याकडे वळल्या. “काय रे, तू चढतोस का डोंगर?”

“मी? चढतो की!” बिचारा खुलला.

थाप अंगाशी आली होती. जागा आता जाणारच, तिला वाटलं, मग निदान खोट्या गुडघ्यापायी तरी जायला नको.

“बाई, गुडघा ठणठणीत आहे,” ती म्हणाली. आवाज चिरकला. “मला दिवस गेलेत. आधी दोनदा टिकलं नाही. म्हणून उडी नको.”

कुणीतरी तोंडाशी नेलेलं बिस्कीट परत बशीत ठेवलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तेवढ्या वेळात ती मनातल्या मनात दोनदा सामान बांधून घरी परतलीसुद्धा.

“अगं, मग गुडघ्याला कशाला मध्ये आणलंस?” बाई म्हणाल्या. “मी काय तुला हमाली करायला घेतलंय? यंत्रं वाहायला धडधाकट माणसं मिळतील. त्यातली नोंद वाचायला मला तू हवीस, आणि ती इथेच खुर्चीत बसून वाचायची असते.”

“बॅटऱ्या मी नेईन,” चंद्रवाला घाईने म्हणाला.

“तू नेशीलच. पण हिचा आलेख हवाच. काका, नुसत्या चालण्याचा येईल?”

भूकंपकाकांनी मिशीवरून बोट फिरवलं. “यंत्र तेवढं तिखट करता येईल. पण मग इथे कुणी पापणीशिवाय काही हलवायचं नाही. पेला ठेवलात तरी दिसेल.”

पेले जिथल्या तिथे थांबले. खुर्च्यांतली माणसं ताठ झाली. ती दाराशी जाऊन उभी राहिली. भूकंपकाकांनी हात खाली केला आणि ती दारापासून पडद्याच्या दिशेने निघाली. पडद्यावर बारीक बारीक लाटा उमटू लागल्या, एकेका पावलाची एकेक. आपल्या पावलाचाही धक्का बसेल की काय, या भीतीने ती प्रत्येक पाऊल जपून टाकत होती. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. एवढ्या लोकांपुढे बोलून बसले, आता काही झालं तर यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

पडद्याची भिंत हातभर राहिली तेव्हा तिची नजर चंद्रवाल्याकडे गेली. त्याला शिंक आली होती. ती त्याने दोन्ही हातांनी नाक गच्च धरून अडवली होती. चेहरा लालबुंद, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पठ्ठ्या जागचा हलत नव्हता. ती भिंतीपाशी पोचली, त्याच्याकडे बघून खुदकन हसली, आणि मग सगळ्यांसमोर तिला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना.