तिसऱ्या म्हशीपर्यंत

२००६ सालच्या जानेवारीत डॉ. सरनोबतांच्या कोल्हापूरच्या दवाखान्यात आमवाताच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. डॉक्टरांची ही पहिलीच चाचणी. कंपनीकडून चार जाडजूड फायली आणि एक कुलपाचं कपाट आलं होतं. किल्ली संयोगिताकडे. ती बी.एस्सी. होऊन नुकतीच कामाला लागली होती, आणि फॉर्मवरचा एकही रकाना मोकळा सोडायचा नाही, हे तिला तीनतीनदा बजावलेलं होतं.

पहिल्या आल्या रत्नव्वा. हातकणंगल्याजवळचं गाव, घरी तीन म्हशी, वय बावन्न. चार वर्षांपासून बोटांचे सांधे सुजलेले. सोबत नवरा रुद्राप्पा. संयोगितानं संमतीपत्राची चौदा पानं वाचून दाखवली.

"म्हंजे निम्म्यास्नी खरी गोळी, निम्म्यास्नी खोटी?" रत्नव्वांनी विचारलं.

"खोटी नाही हो मावशी, औषध नसलेली. तुमच्या आधीच्या गोळ्या चालूच राहणार."

"आन मला कुठली?"

"ते आम्हाला ठाऊक नसतं."

"डॉक्टरास्नी तरी?"

"त्यांनाही नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरला तेवढं ठाऊक."

रत्नव्वांनी डॉक्टरांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मग कॉम्प्युटरलाच हात दाखवूया की!"

तरी त्या तयार झाल्या. अंगठ्याची शाई पुढं आली तशी त्यांनी ती बाजूला सारली. "चौथी शिकलोय मी." पेन दोन्ही हातांत धरून त्यांनी सही केली. तिला चार मिनिटं लागली.

मग फॉर्म सुरू झाला. "सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"तिसऱ्या म्हशीपर्यंत."

संयोगिताचं पेन थांबलं. "मिनिटं किती?"

"मिनिटं मला काय ठाव? गंगीची धार काढताना मूठच वळत न्हाय. चंद्रीला दोन बोटं चालत्यात. राणीखाली बसलो की मग वळती."

अडचण अशी, की ताठरपणा पाऊण तासाच्या खाली असेल तर पेशंट घेता येत नव्हता. रुद्राप्पा खुर्चीतून पुढं सरकले. "लिवा की दोन तास! कोण बगाय येतंय?"

"गप्प बसा," रत्नव्वा म्हणाल्या. "आत्ताच सही केलीया मी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "अंदाज नको. संयोगिता, तू समक्ष जाऊन मोजून ये."

म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं संयोगिता गावात पोचली. पहाटे पाच वाजता स्टॉपवॉच घेऊन गोठ्यात उभी राहिली. अंगात गुलाबी पंजाबी ड्रेस, वर झुळझुळीत ओढणी. गंगीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि पान्हा चोरला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चरवी कोरडीच.

"वढणीला बुजलीया ती!" रुद्राप्पा गोठ्याबाहेरून ओरडले. "पावणं, जरा मागं सरा की!"

संयोगिता मागं सरली ती थेट शेणात. तो दिवस फुकट गेला. उठल्यापासूनची वेळ मोजायची, त्यामुळं मधूनच पुन्हा सुरुवात करता येत नव्हती. डॉक्टरांना गावातल्या एसटीडी बूथवरून तिनं कळवलं, "सर, म्हैस सहकार्य करत नाही."

"आणखी एक दिवस थांब," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या पहाटे रत्नव्वांनी आपलं जुनं लुगडं तिच्या डोक्यावरून गुंडाळलं आणि हातात पेंडीची पाटी दिली. गंगीनं वास घेतला आणि मान खाली घातली. घड्याळ रत्नव्वा उठल्यापासूनच चालू होतं. अठरा मिनिटांत गंगी झाली. दोन्ही अंगठ्यांच्या पेरांनी रत्नव्वा सड ओढत होत्या, ओठ आवळून. संयोगितानं चार वर्षांचं दुखणं कागदावर वाचलं होतं. आता ते बघताना तिचं आकड्यांवरून लक्ष उडालं. चंद्रीला सोळा मिनिटं. मधे चुलीवर पाणी ठेवणं, रेडकू बांधणं. मग राणी.

"वळली!" रत्नव्वा ओरडल्या. "बघ, मूठ वळली!"

"बावन्न मिनिटं!" संयोगिता त्याहून मोठ्यानं ओरडली.

राणी दचकली आणि तिनं लाथ झाडली. चरवीतलं दोन लिटर दूध, त्या दिवशीच पहिल्यांदा गोठ्यात डोकावलेल्या रुद्राप्पांच्या धोतरावर गेलं. तिघंही आधी दुधाकडं बघत राहिले. मग रत्नव्वा इतक्या हसल्या, की त्यांना शेजारच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं.

पाऊण तासाच्या वर भरल्यामुळं रत्नव्वा चाचणीत बसल्या आणि गोळ्या सुरू झाल्या. महिनाभरानं कंपनीचा तपासनीस मुंबईहून आला. टापटीप, टायवाला माणूस. "मोजण्याचं साधन: स्टॉपवॉच आणि तीन म्हशी" ही नोंद त्यानं दोनदा वाचली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं.  मग त्यानं गंभीरपणे विचारलं, "एखादी म्हैस आटली तर?"

प्रश्न रास्त होता. मार्चमध्ये चंद्री आटलीच. संयोगितानं रत्नव्वांना मोठ्या आकड्यांचं घड्याळ दिलं आणि रोजची मिनिटं वहीत लिहायला शिकवलं. पन्नास. सत्तेचाळीस. एकदा सत्तर, त्यापुढं शेरा, "जाऊ भांडली". मग चाळीस, तीस. मे महिन्यात अठरा.

गोळी कुठली, ते डॉक्टरांना तेव्हाही ठाऊक नव्हतं. पण मे महिन्याच्या तपासणीला त्यांनी रत्नव्वांना आपली दोन बोटं दाबायला सांगितली, आणि "अहो, सोडा, सोडा!" असं त्यांनाच म्हणावं लागलं.

बाहेर आल्यावर रुद्राप्पा तीनच्या गाडीसाठी घाई करू लागले.

"तुमी जावा," रत्नव्वा म्हणाल्या. "सांजची धार काढा. मी शेवटच्या गाडीनं येतो."

"धार? मी?"

"दोनच तर म्हशी हायत. माझं लुगडं दोरीवर हाय, गुंडाळा."

रुद्राप्पा आधाराला संयोगिताकडं बघू लागले. तिनं फाईल तोंडासमोर धरली होती.

त्या दोघी रंकाळ्यावर गेल्या. बांधाच्या कट्ट्यावर बसून रत्नव्वांनी भेळ घेतली, चमचा परत केला आणि पाची बोटांनी घास करून खाऊ लागल्या. पाण्यावरून वारा येत होता. कागद रिकामा झाला, तरी त्या उठल्या नाहीत.

"आनी एक घे की," त्या भेळवाल्याकडं हात करत म्हणाल्या. "आन त्याला सांग, ह्या खेपंला तिखट जरा जास्त पडू दे."