आधी नाव, मग चेहरा

शहाडहून मोहन्याला येताना डाव्या हाताला एक लांबलचक भिंत लागते. त्या भिंतीवरून धाकूदादा सात वर्षं सगळ्या रस्त्याकडे बघून हसायचे. जोडलेले हात, कपाळाला टिळा, गालावर मस. दादा नगरसेवक होते. दीड वर्षापूर्वी वारले, तरी भिंतीवर हसतच राहिले, कारण ते हसू रुचिताच्या पप्पांनी काढलेलं. त्यांनी, म्हणजे उत्तम पेंटरांनी, काढलेलं पावसालाही पुसायला जमायचं नाही.

दादा गेले आणि पक्ष फुटला. आधी पक्षाचे दोन गट झाले, मग गल्लीचे, मग एका मंडळाचे दोन गणपती बसायला लागले. वाटणी न झालेली एकच गोष्ट उरली, ती म्हणजे धाकूदादा. जुना गट म्हणायचा दादा आमचे, नवा म्हणायचा आमचे. मेलेला माणूस बिचारा काय सांगणार? दादांचा पुतण्या ऋतुराज नव्या गटात गेलेला. पालिकेची निवडणूक लागली तसा तो रुचिताच्या घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, भिंत पूर्ण पांढरी करून नव्यानं काढा. वर नवं चिन्ह, खाली मी, आणि मधोमध काका, आधीपेक्षा मोठे.

आता अशी भिंत पुसायची एक रीत असते, जी कुठल्याच पुस्तकात नाही. आधी चिन्ह पुसायचं, मग नाव, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. नाव गेलेला चेहरा कुणाचाही असू शकतो. पण खाली नाव तसंच आणि वर चेहरा गायब, म्हणजे त्या माणसाचा सरळ सरळ अपमान. असले फोटो काढायला लोक टपलेलेच असतात. पप्पांनी हे रुचिताला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते पाढ्यांसारखं पाठ होतं.

पण रुचिता त्या दिवसांत हवेत होती. दहावीतल्या या पोरीनं नुकतीच शाळेच्या भिंतीवर एकटीनं आठ फुटी म्हातारी काढलेली, आणि चित्रकलेच्या बाई चष्मा पुसून पुसून बघत राहिलेल्या. रविवारी सकाळी पप्पा मानपाड्याला एका दुकानाची पाटी संपवायला निघाले. जाताना म्हणाले, तोवर चिन्ह आणि नाव उडव, चेहऱ्याला हात लावू नकोस. रुचितानं मान हलवली आणि मनात हिशेब मांडला. पांढरा डिस्टेंपर सुकायला दोन तास. चेहरा आत्ता पांढरा केला, तर पप्पा येईपर्यंत जागा सुकेल आणि त्यावर नवे धाकूदादा ती स्वतः आखून ठेवील. पप्पांनी नुसतं बघायचं. नाव काय, नंतर दहा मिनिटांत उडवू.

रंगकामाच्या दृष्टीनं हिशेब अगदी बरोबर होता. ती शिडीवर चढली आणि बघता बघता दादा दिसेनासे झाले. आणि मग डबा संपला.

दुसरा आणायला ती शहाडला गेली. दुकानात गर्दी होती, अर्धा तास मोडला. परत आली तेव्हा भिंतीसमोर माणसं जमलेली. जोडलेल्या हातांच्या वर एक पांढरं भगदाड आणि खाली दोन दोन फुटी अक्षरांत ‘आपले धाकूदादा’. फोटो एव्हाना सगळ्यांच्या फोनवर पोचलेला.

जुना गट ओरडत होता की नव्यांनी दादांची विटंबना केली. ऋतुराज त्यांच्याहून मोठ्यानं सांगत होता की आम्ही असलं काम दिलंच नव्हतं, पेंटरला तुम्हीच फोडलंय. दीड वर्षात पहिल्यांदा दोन्ही गटांचं एका गोष्टीवर एकमत झालं. चूक पेंटरची.

नेमके तेव्हाच पप्पा स्कूटरवरून आले. त्यांनी भिंत बघितली, मग रुचिताचे हात. कोपरापर्यंत पांढरे.

“कोणी पुसलं रे हे?” कोणीतरी विचारलं.

“मी,” पप्पा म्हणाले.

“नाही, मी पुसलंय,” रुचिता म्हणाली. “पप्पा तर मानपाड्याला गेलेले.”

लोक हसले. “बापाला वाचवायला बघतेय. ही काय शिडीवर चढतेय?”

“रुचे, घरी जा,” पप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. “हात धू.”

ती गेली नाही. पप्पांना भिंतीजवळ उभं केलं, समोर फोन धरला, कान पकडून तीनदा माफी मागायला लावली. त्यांनी मागितली. मग कोणीतरी त्यांचा उजवा हात शिडीच्या पायरीवर दाबून धरला आणि दुसऱ्यानं भरलेला डबा उचलला. तो आवाज कसा होता, हे रुचिता कोणाला सांगत नाही.

तीन बोटं. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, जेवता येईल. ब्रशचं विचारल्यावर ते फाईलमध्ये बघायला लागले.

संध्याकाळी ऋतुराज शहाळं घेऊन हॉस्पिटलच्या वॉर्डात आला. म्हणाला, पोरं तापली, दोन्हीकडची होती, कोणाचं नाव घेणार? तक्रार केलीत तर कबुलीचा व्हिडिओ आहेच. मग आवाज खाली आणून म्हणाला की चेहरा परवापर्यंत परत दिसायला हवा, नाहीतर पोरं घरापर्यंत येतील, आणि दुसरा कुठलाच पेंटर त्या भिंतीला हात लावायला तयार नाही.

“मी काढते,” रुचिता म्हणाली.

ऋतुराज हसला. मग हसायचा थांबला.

“काढ. पण काढला उत्तमकाकांनी, असं सांगायचं. शाळेतल्या पोरीनं काकांना पुसलं आणि शाळेतल्या पोरीनंच काढलं, हे बरं दिसत नाही.”

दोन दिवस ती शिडीवर होती. भिंतीच्या एका टोकाला जुन्या गटाची पोरं बसलेली, दुसऱ्या टोकाला नव्याची, आणि मध्ये उलट्या बादलीवर पप्पा, हात गळ्यात. लोकांना ते दिसायला हवे होते. तिनं टिळा काढला, मस काढला, ओठ काढले. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना दादा पुन्हा रस्त्याकडे बघून हसायला लागले.

ऋतुराजनं पप्पांना उठवलं, डाव्या हातात ब्रश दिला आणि चित्रासमोर उभं करून व्हिडिओ घेतला. उत्तम पेंटरांनी स्वतःची चूक स्वतः सुधारली, असं तो फोनमध्ये बोलत होता. दोन्हीकडच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पप्पा मात्र फोनकडे बघतच नव्हते. ते वर बघत होते, पाटी तपासावी तसे, एकेक रेघ.

“नाक माझ्यापेक्षा बरं जमलंय, रुचे,” ते हळूच म्हणाले.

ब्रशचा रंग त्यांच्या डाव्या बाहीवरून ओघळत गळ्यातल्या उजव्या हाताच्या प्लास्टरवर पडत होता. तिनं त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि ओढणीनं प्लास्टर पुसत राहिली.