ओळखीच्या एका बाईचा अपघात

नोला प्रिचर्ड उभ्या जन्मात एकदाच धडधडीत खोटं बोलली, आणि तेही खडीवर आडवी पडून, मांडीचं हाड मोडलेलं असताना.

करावीना गावच्या महिला मंडळाचं फुलांचं प्रदर्शन नुकतंच आटोपलं होतं. आत हॉलमध्ये कपबश्या विसळण्याचा खडखडाट चालला होता. नोला उरलेल्या लॅमिंग्टन केकचा ट्रे घेऊन गाड्यांच्या मागून चालली होती, आणि तिची मैत्रीण एल्वा गाडी मागे घेत होती. एल्वानं मागे पाहिलं नाही. एवढंच झालं. पण सत्तरी ओलांडलेल्या हाडांना एवढंही पुष्कळ होतं.

एल्वा दार उघडून धावत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नोला! अगं, मी बघितलंच नाही गं तुला!"

"गप्प बस," नोला दात आवळून म्हणाली. "गाडी पुढे घे. आधी गाडी पुढे घे म्हणते ना! आणि कुणी विचारलं तर मी घसरले. कळलं?"

"पण नोला..."

"एक शब्द बोललीस तर जन्मात तोंड बघणार नाही तुझं."

बायका हात पुसत बाहेर आल्या तोवर गाडी जागच्या जागी उभी होती, आणि नोला सगळ्यांना सांगत होती, "घसरले बाई. हे मेले नवे बूट."

आता या म्हातारीला काय म्हणावं! पण तिचंही चुकीचं नव्हतं. एल्वाचं घर गावापासून कितीतरी लांब, मेंढ्यांच्या कुरणांच्या पलीकडे. नवरा गेलेला, मुलगी पर्थला. बस नाही. रेल्वे बंद होऊन तर जमाना लोटला. अशा ठिकाणी बाईचं लायसन्स गेलं की तिचे पायच गेले. पंचाहत्तरीनंतर दर वर्षी डॉक्टरकडून सही आणावी लागते, त्या तपासणीच्या आधी एल्वाला आठवडाभर झोप यायची नाही. आणि याच एल्वानं, नोलाचा नवरा रेग शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा, एक अख्खा हिवाळा नोलाला गाडीत घालून मोठ्या इस्पितळात नेलं होतं. रोज. धुक्यात, कांगारूंना चुकवत. एकदाही "दमले" म्हणाली नव्हती. अशा माणसाचं नाव पोलिसांत द्यायचं? नोलाच्या जिभेला ते शक्यच नव्हतं.

इस्पितळात पायात सळी बसली. नाताळचं जेवणही तिथेच झालं, प्लास्टिकच्या ताटात हॅम आणि पुडिंग. एल्वा एक दिवसाआड यायची. यायची, फुलं बदलायची, आणि खुर्चीवर चोर बसल्यासारखी बसायची. पूर्वी या दोघी एकत्र आल्या की तिसऱ्याला बोलायला जागा मिळायची नाही. आता हवापाण्यावर गप्पा संपायच्या.

मग वॉर्डातली समाजसेविका आली. नोलाच्या घराला पुढे उंच पायऱ्या, संडास मागच्या अंगणाकडे, घरात दुसरं माणूस नाही. रोज व्यायाम करून घ्यायला कुणीतरी हवं, आंघोळीला हात द्यायला कुणीतरी हवं. सरकारी मदतीची यादी मोठी, नंबर कधी लागेल ते देव जाणे. "तोवर दुसऱ्या गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय," ती गोड आवाजात म्हणाली. नोलाला तो गोडवा कळला. तिथून परत घरी आलेलं माणूस करावीनात कुणी पाहिलं नव्हतं.

तात्पुरती म्हणून ती घरी आली. शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकवायची, पण तिच्या भरवशावर किती दिवस काढणार? म्हणून मग गुरुवारी नोला वॉकर ढकलत लायब्ररीत गेली. मोफत सल्ला देणारी वकील महिन्यातून एकदा, गुरुवार-शुक्रवार, तिथे येऊन बसते. टॅमसिन तिचं नाव, वय नातीएवढं. मुलांच्या पुस्तकांच्या कोपऱ्यात, बुटक्या टेबलाशी गुडघे कसेबसे माववत बसली होती.

"माझ्या ओळखीची एक बाई आहे," स्वतःचं नाव सांगून झाल्यावर नोलानं सुरुवात केली.

टॅमसिननं वॉकरकडे पाहिलं, नोलाच्या पायाकडे पाहिलं, आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "बरं. काय झालं या बाईंना?"

"तिला गाडीनं धडक दिली. पण तिनं सांगितलं, मी घसरले."

"का बरं?"

"मूर्ख आहे ती. तुम्ही पुढचं सांगा. तिला काही मिळतं का?"

"मिळतं. मिळायलाच हवं. गाडीची नोंदणी करताना दर वर्षी सक्तीचा विमा भरतो ना आपण, तो याच्यासाठीच असतो. पायी चालणाऱ्याला गाडी लागली तर औषधपाणी, फिजिओ, घरी मदतीला माणूस, पायऱ्यांच्या जागी रॅम्प, सगळं त्या विम्याकडे मागता येतं. पहिलं वर्षभर तर चूक कुणाची होती यावर ते अडूनही राहत नाही."

"आणि पैसे त्या गाडीवालीच्या खिशातून?"

"छे. विमा कंपनी देते. म्हणूनच तर ती गाडीवाली इतकी वर्षं हप्ता भरतेय."

तिला वाटत होतं, दावा म्हणजे कोर्ट, काळे डगले आणि एल्वाच्या घरावर जप्ती. "कोर्टात उभं राहावं लागेल तिला?"

"या मदतीसाठी नाही. पुढे मोठ्या भरपाईचा दावा करायचा असेल तर ती वेगळी गोष्ट. करायचा की नाही ते तुम्ही... ते त्या बाईंनी ठरवायचं. पण एक आहे. अपघातापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. आणि पोलिसांत नोंद हवी. गाडी कुणाची, कोण चालवत होतं, सगळं खरं सांगावं लागेल. इस्पितळात वेगळं सांगितलं असेल तर तेही आता सरळ सांगून टाकायचं. घाबरून बोलतात माणसं, त्यात काही नवल नाही. पण अर्जात खोटं चालणार नाही."

"आणि तिचं लायसन्स?" नोलानं हळूच विचारलं. "गाडीवालीचं. वय झालंय तिचं."

टॅमसिन चांगली मुलगी होती. तिनं तोंडदेखलं काही सांगितलं नाही. "ते माझ्या हातात नाही, नोला. कदाचित दंड होईल. कदाचित पुन्हा परीक्षा द्यायला लावतील. लायसन्स राहील असं वचन मी देऊ शकत नाही."

नोलानं वॉकरचे दांडे धरले आणि उठली. "मग माझ्या ओळखीची बाई घसरली," ती म्हणाली. "तुमचे फार आभार."

"नोला, मी उद्या पाचपर्यंत आहे इथे. पुढच्या खेपेला येईन तोवर मुदत उलटून गेलेली असेल."

घरी येऊन नोलानं एल्वाला फोन केला, आणि अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की मी जातेय वृद्धाश्रमात, माझ्या कोंबड्या तू घेऊन जा, तांबडीला जरा जपून, टोचते. पलीकडून फोनच ठेवला गेला. नोला ओट्याला धरून उभी राहिली आणि खिडकीतून लिंबाच्या झाडाकडे बघत मनसोक्त रडली. या घरात ती नवरी म्हणून आली होती. दुसऱ्या कुठल्या खिडकीशी उभं राहून चहा कसा प्यायचा, हेच तिला माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ऊन असं तापलं होतं, की पाखरूही बाहेर नव्हतं. नोला कोंबड्यांसाठी खोकं शोधत होती. एल्वाची गाडी खडखडत यायची, दोन गल्ल्या आधीच ऐकू यायची. पण आज गाडीचा आवाज नाही, आणि दार मात्र वाजलं. उघडलं तर एल्वा. डोक्यावर टोपी, तोंड टोमॅटोसारखं लाल, धापा टाकत दाराच्या चौकटीला टेकलेली.

"पाणी दे आधी," ती म्हणाली. "मग शिव्या दे."

"गाडी कुठेय तुझी?"

"पोलीस चौकीसमोर."

नोलाच्या हातातलं खोकं खाली पडलं. "एल्वा! काय करून आलीस तू?"

एल्वा घटाघटा पाणी प्यायली, खुर्चीत बसली, आणि मग बोलू लागली. काल फोननंतर तिला रात्रभर झोप नव्हती. सकाळी उठली आणि थेट लायब्ररीत त्या वकील मुलीकडे गेली. "म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका बाईनं फुलांच्या प्रदर्शनाच्या दिवशी दुसऱ्या एका बाईला..."

"तूसुद्धा ओळखीची बाई काढलीस?"

"मग काय करू? स्वतःचं नाव कसं सांगू? पण तिनं मला वाक्यच पुरं करू दिलं नाही. म्हणाली, थांबा. या बाबतीत तुमचं काही मला ऐकता येणार नाही. का, तेही सांगता येणार नाही. दुसऱ्या वकिलाचा नंबर देते." एल्वा नोलाकडे रोखून बघत म्हणाली, "मला म्हातारी म्हण, आंधळी म्हण, पण मी मठ्ठ नाही गं. एकाच भानगडीत वकील दोन्ही बाजूंचं ऐकत नाही, एवढं कळतं मला. मी म्हटलं, म्हणजे नोला येऊन गेली. ती म्हणाली, मी काहीच म्हटलेलं नाही. पण पोरगी कानापर्यंत लाल झाली. मग कळलं मला. काहीतरी मिळण्यासारखं आहे, आणि तू माझ्यापायी ते सोडून वृद्धाश्रमात निघालीस!"

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" नोला कडाडली. "इतके दिवस तोंड दाबून बसले मी, ते काय उगाच? लायसन्स गेलं म्हणजे काय करशील तिथे रानात?"

"सार्जंट बॉइडला आधी वाटलं, ऊन लागलंय मला. त्यानंच चहा दिला. मग सगळं लिहून घेतलं. म्हणाला, डॉक्टरची तपासणी आणि रस्त्यावरची परीक्षा होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पास झाले तर झाले. नाही झाले तर टपालाची गाडी येते आठवड्यातून दोनदा, त्यात बसेन. पाकिटांबरोबर."

"चेष्टा सुचतेय तुला!"

"चेष्टा नाही." एल्वाचा आवाज अचानक फाटला. "तुला माहितेय, सगळा गाव मला काय म्हणतोय? एल्वा किती गुणाची, एक दिवसाआड इस्पितळात जाते. मंडळानं आभाराचं कार्ड दिलं मला, नोला! मला! दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं. तू माझ्यासाठी केलंस, मला कळतं. एवढं कुणी कुणासाठी करत नाही. पण तुझ्यासमोर बसून मी सॉरीसुद्धा म्हणू शकत नव्हते. झालंच नव्हतं ना काही. तू घसरली होतीस."

आपण मैत्रिणीला वाचवतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. वाचवलेल्या माणसाचं काय झालं, ते तिनं पाहिलंच नव्हतं. "सॉरी गं," तीच म्हणाली.

"बघ! आता तूच म्हणतेस! अगं, मी म्हणायचंय ते!" आणि दोघी एकदम हसू लागल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. हसताना नोलाचा पाय दुखला, तरी ती हसत राहिली.

पुढचं सगळं रीतसर झालं. अर्ज मुदतीत गेला, पायऱ्यांच्या जागी रॅम्प आला, सकाळी मदतीला एक बाई येऊ लागली आणि दर मंगळवारी एक धिप्पाड फिजिओ येऊन नोलाला घाम फोडू लागला. वृद्धाश्रमातली खोली दुसऱ्या कुणाला मिळाली. कोंबड्या कुठेच गेल्या नाहीत. पण हे सगळं ज्याच्यावर अवलंबून होतं, ते त्या दुपारीच व्हायचं होतं.

पाच वाजायला आले होते. एल्वानं फोन नोलाच्या पुढ्यात ठेवला. नोलानं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि टॅमसिनला आधीच बजावलं, की एल्वा शेजारीच बसलीय आणि ती बसलेलीच राहणार.

"ठीक आहे, नोला," टॅमसिन म्हणाली. "मी लिहून घेतेय. काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

नोलानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं एल्वाकडे पाहिलं. एल्वा दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसली होती.

"सांग ना गं," एल्वा म्हणाली. "तेवढं कर माझ्यासाठी."

"एल्वा माझी मैत्रीण आहे," नोला म्हणाली. "तिच्यासारखी मला दुसरी नाही. तिनं गाडी मागे घेताना पाहिलं नाही आणि गाडी माझ्या अंगावर घातली. चूक तिची होती."

एल्वानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिचे खांदे हलू लागले. नोला घाबरली, वॉकर न घेताच उठायला गेली. "अगं, काय झालं? तूच म्हणालीस ना सांग म्हणून!"

"काही नाही झालं," एल्वा हातांमागूनच म्हणाली. "हलकं वाटतंय गं. तुझे फार उपकार झाले. सॉरी, नोला. मी तुझा पाय मोडला. सॉरी."

"हो, मोडलास," नोला म्हणाली. तिनं एल्वाचा ओला हात आपल्या हातात घेतला, आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधी टॅमसिनला बराच वेळ थांबावं लागलं.