चार वाजताचा नमुना

आमच्या प्रयोगशाळेत माणसं पायांनी येत नाहीत, ट्यूबमधून येतात. सतरा वर्षं मी त्या ट्यूबा यंत्रात लावतोय. त्यामुळे भिंगरी वरच्या मजल्यावर दाखल झाली तेव्हा आई सगळ्यांना सांगायची, "काळजी नाही, घरचंच माणूस आहे तिथं."

भिंगरी माझी धाकटी बहीण. तिच्या पोटात गाठ होती. केमोचा शेवटचा डोस होऊन महिना झाला होता, पांढऱ्या पेशी सावरल्या होत्या, घरी सोडायची बोलणी चालली होती. आणि त्या दिवशी सकाळी आठला तिला हुडहुडी भरली.

कॅन्सरच्या माणसाला ताप गाठीचाही येतो, जंतूंचाही येतो. थर्मामीटरला दोन्ही सारखेच. गाठीच्या तापाला साधी गोळी पुरते. जंतूंचा असेल तर माणूस बघता बघता ओंजळीतल्या पाण्यासारखा निसटतो. उगीच अँटिबायोटिक चढवायची सोय नव्हती, मागच्या खेपेला त्यानंच तिची मूत्रपिंडं रुसली होती. म्हणून रक्तातलं प्रोकॅल्सिटोनिन मोजायचं. जंतू रक्तात उतरले की ते चढतं. पण लगेच नाही, सहा-आठ तास घेतं. नव्या मुलींना मीच शिकवतो: पहिल्या आकड्यावर कधी विसंबू नका गं.

नऊच्या नमुन्यात आकडा आला शून्य पूर्णांक दोन.

"कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हुडहुडीला तासच झालाय. चारला परत घ्या. वाढला तर लगेच औषध सुरू करते. नाही वाढला तर गाठीचाच ताप."

चारला मी स्वतःच ट्रे घेऊन वर गेलो. दुसऱ्या कुणी तिला टोचलेलं मला सोसायचं नाही. आई चहाला खाली गेली होती.

"आला बघ डास," भिंगरी म्हणाली.

"हात दे."

"कुठला देऊ? निळा की जांभळा? दोन्ही ताजे आहेत."

दंडाला पट्टा बांधला, अंगठ्यानं चाचपलं. शिरा कुठल्या, गाठी मारलेला दोरा नुसता. एकदा टोचलं, कोरडं. दुसऱ्यांदा टोचलं, शीर सुईखालून सरकली. तिनं ओठ घट्ट मिटले, डोळ्यातलं पाणी कानात ओघळलं. मग हसून, लहानपणी मला चिडवायची त्याच चालीवर, जोडून जोडून म्हणाली,

"भाऊ माझा डास गं, त्याची सोन्याची सुई,
मेणाच्या माझ्या हाती, आता शीर उरली नाही."

"भिंगरे, एकदाच."

"नको ना रे. सकाळी घे. सकाळी बादलीभर घे, मी हूं का चूं करणार नाही."

गोळीनं ताप नव्व्याण्णववर आला होता. कपाळ ओलं, गार लागलं. गोळीनं जंतूंचाही ताप उतरतो, हे मला ठाऊक होतं. पायाला शीर होती, तीही ठाऊक होती. मी पांघरूण वर केलं नाही. उलट पायांवर नीट ओढून घातलं.

नियमानं 'रुग्णाचा नकार' असं लिहायला हवं होतं. पण ते लिहिलं की डॉक्टर येतात, समजावतात, पायातून घेतात. तेच तर मला चुकवायचं होतं. मी ट्रे उचलला आणि खाली आलो.

साडेपाचला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "चारचा कमीच ना?"

"कमीच आहे."

"सुटले बाई," त्या म्हणाल्या. "गाठीचाच मग."

सकाळी सहाला भिंगरीची बोटं बर्फ झाली होती, रक्तदाब सापडेना. या वेळी रक्त जांघेतून घेतलं, दुसऱ्यांनी. यंत्रात मी लावलं. आकडा आला एकेचाळीस. यंत्र बिघडलंय असं म्हणत मी तीच ट्यूब पुन्हा लावली. यंत्र बिघडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आठवड्यानं डॉक्टरीणबाई फाईल घेऊन प्रयोगशाळेत आल्या. "चारचा आकडा कॉम्प्युटरवर दिसत नाही."

मी सांगितलं. सगळं. त्या स्टुलावर बसल्या. बराच वेळ फाईलचा कोपरा दुमडत राहिल्या. त्यांनीही आकडा डोळ्यांनी पाहिला नव्हता, माझ्या जिभेवर विश्वास टाकला होता.

"ती नको म्हणाली होती?"

"म्हणाली होती."

"मग तसंच लिहिते."

त्यांनी लिहिलं: दुपारी चार, रुग्णाचा नमुना देण्यास नकार. अक्षर न् अक्षर खरं. मी खाली सही केली.

घरी कागद आले. आईनं माझ्यासमोर धरले. "वाच रे. मला चष्म्यातून दिसत नाही."

मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"नाही म्हणाली? एका सुईसाठी?" आईचा आवाज चिरकला. "मेली पहिल्यापासून हट्टी! तू एवढा खाली बसलेला, तुझं तरी ऐकायचं! मला खाली पाठवून हे उद्योग केले होय गं!"

रिकाम्या खाटेकडे बघून ती भांडत राहिली, जणू भिंगरी उलट उत्तर देणार होती. मावशीला फोन करूनही तेच सांगितलं. शेजारीण आली, तिलाही तेच. लेकीसाठी रडता रडता ती लेकीवर दात-ओठ खायला लागली, आणि राग आला तशी जेवूही लागली.

मी दोनदा तोंड उघडलं.

"गप बस तू," आई म्हणाली. "तिची बाजू घेऊ नकोस. तू तरी काय करणार होतास?" आणि माझ्या ताटात भात वाढला.

मी जेवलो.