दागूत बोललेलं एक खोटं

म्हातारा दिनी पहाटे गेला, आणि त्याच्या मुलीला रडायची मनाई झाली.

मनाई करणारा तिचा नवराच होता. लईतानं मोमिनाच्या तोंडावर हात ठेवला आणि ती जरा शांत झाल्यावर म्हणाला, "कदाफो येईपर्यंत. तेवढंच." तिनं बापाच्या अंगावर चादर ओढली आणि रोजच्यासारखी शेळ्यांच्या धारा काढायला बसली. खाडीतून दुर्बिणी रोखलेल्या होत्या, आणि दुर्बिणीला रडणारी बाई फार लांबून दिसते.

खाडीत दोन जहाजं उभी होती, उत्तरेला फ्रेंचांचं, दक्षिणेला इटालियनांचं. मधे दर्मालीच्या तीन विहिरी. इथून दोन्हीकडे चार-चार दिवस चाललं तरी गोडं पाणी नाही, म्हणून दोघांनाही इथंच आगबोटींसाठी कोळशाची वखार घालायची होती. वर्षभर दोघं कापडं, आरसे, बंदुका घेऊन दिनीचे उंबरे झिजवत होते. दिनी मकबान, म्हणजे इथल्या अफार टोळीचा मुख्य. तो दोघांकडून भेटी घ्यायचा, दोघांना चहा पाजायचा आणि कराराच्या कुणाच्याच कागदावर अंगठा उठवायचा नाही. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, एवढ्या एका शहाणपणावर म्हाताऱ्यानं किनारा राखला होता. पण ते त्याचे डोळे उघडे होते तोवर. आता मकबानाची चटई रिकामी होती, आणि तिच्यावर बसायचा हक्क असलेला त्याचा मुलगा कदाफो मिठाच्या सरोवराकडे दीड दिवसाच्या वाटेवर होता. तो यायच्या आत फिरंग्यांना कळलं, तर चटईवर कोण बसेल हे त्यांच्या बंदुका ठरवणार होत्या. लईता भाला घेऊन निघाला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा समोरून तीन उंट येताना दिसले. पुढं चालणारा माणूस त्यानं चालीवरून ओळखला. ओर्बिस्सो, बालपणीचा मित्र, आणि आता इटालियनांचा दुभाषा. वाट सोडून खडकांत शिरावं असं त्याला वाटलं. पण अफार माणसानं अफार माणसाला टाळलं, तर तीच मोठी बातमी झाली असती.

दागू, ही खबर देण्याघेण्याची रीत, कुणालाच चुकत नाही. दोघं भेटले की भाले रोवायचे, सावलीत बसायचं, आणि एकेकानं सगळं सांगायचं: पाणी कुठं आहे, रोग कुठं आहे, कोण जन्मलं, कोण गेलं. या मुलुखात माणूस खबरीवर जगतो. भरलेली म्हणून सांगितलेली विहीर कोरडी निघाली, तर ऐकणारा तिच्या काठावर मरतो. म्हणून खुन्याला इथं रक्ताचा मोबदला देऊन सुटता येतं. दागूत खोटं बोलणाऱ्याला सुटका नाही. त्याला पुन्हा कुणी खबर विचारत नाही, आणि न विचारता सांगितलेलं कुणी कानावर घेत नाही.

"काय रे, एवढ्या उन्हात कुठं? बायकोनं हाकललं काय?" ओर्बिस्सो हसत बाभळीखाली बसला.

"मिठाकडे. कदाफोला बोलवायला."

"आधी मी सांगतो. माझं गाठोडं मोठं आहे."

त्यानं सांगितलं. डोंगरात पाऊस नाही. दोन उंटिणी व्याल्या. त्याच्या बायकोला मुलगी झाली, त्यानं अजून तोंड पाहिलं नाही. इटालियनांचा चहा अजूनही बेचव आहे. मग त्यानं काडीनं मातीत रेघ मारली आणि आवाज उतरवला.

"हे तुला सांगायचं नव्हतं, गड्या. पण दागू आहे. म्हाताऱ्यानं हाकललेला त्याचा पुतण्या आमच्या जहाजावर आहे, नवा कोट घालून. म्हातारा गेल्याची खबर आली की तासाभरात त्याला साठ शिपायांसकट उतरवायचं आणि चटईवर बसवायचं. कागद तयार आहे. खबर मीच आणायची आहे."

लईताचा हा मित्र आपल्या धन्याचं सगळं गुपित विरुद्ध बाजूच्या माणसापुढं ओतून मोकळा झाला होता, केवळ रीत होती म्हणून. असा माणूस समोर बसलेला असताना खोटं बोलायचं म्हणजे झोपलेल्याचा गळा कापण्यासारखं होतं.

"बोल आता. म्हातारा कसा आहे?"

लईतानं आधी खरं सांगितलं. शेळीला जुळं झालं, मधल्या विहिरीचं पाणी हातभर उतरलं, फ्रेंचांच्या एका खलाशाला ताप आहे. आणि मग त्याच आवाजात म्हणाला, "सासरे ठीक आहेत. सकाळी वाटीभर दूध प्यायले. म्हणाले, मीठ कमी आणलं तर कदाफोच्या कानाखाली देईन."

ओर्बिस्सो खदखदून हसला. "अगदी म्हाताराच बोलला की रे!" हसू ओसरल्यावर म्हणाला, "मग मला घाई नाही. दोन दिवस घरी जातो, पोरीचं तोंड बघतो."

उंट दरीकडे वळले. लईता तिथंच बसून राहिला. मेलेल्या माणसाच्या तोंडी त्यानं शब्द घातले होते, आणि ते खपले होते, याची त्याला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मिठाच्या काठावर कदाफो भेटला. त्यानंही रीतीनं खबर विचारली, आणि लईतानं सगळी सांगितली: बाप गेला, पुतण्या जहाजावर आहे, आणि मी ओर्बिस्सोला काय सांगितलं. उंटाच्या मानेवर डोकं टेकून कदाफो रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "ते शेवटचं कशाला सांगितलंस, दाजी? कुणाला कळलं नसतं."

"तू विचारलंस."

ते रात्रीही मधे न थांबता परतले. तिसऱ्या दिवशी उजाडताना वडीलधाऱ्यांनी कदाफोला चटईवर बसवलं, आणि तेव्हा कुठं बायकांना रडायची परवानगी मिळाली. आक्रोश ऐकून दोन्ही कप्तान धावत किनाऱ्यावर आले, दोघांच्या बगलेत कागद. कदाफोनं दोघांना शेजारी बसवून चहा दिला आणि म्हणाला, दोन्ही कागद एकत्र वाचून बघू, कुणाचा बरा आहे ते ठरवू. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. एकमेकांसमोर कागद उघडायची कुणाचीच तयारी नव्हती. वरिष्ठांना विचारून येतो, असं दोघंही पुटपुटले.

कप हातात असतानाच ओर्बिस्सो आला. तो ओरडला नाही. वडीलधाऱ्यांपुढं भाला रोवून म्हणाला, "बाभळीखाली मी याला खरं सांगितलं. यानं मला सांगितलं, म्हातारा दूध प्यायला. यालाच विचारा, खोटं असेल तर."

कुणी विचारायच्या आत लईतानं मान हलवली.

इटालियन कप्तानानं ओर्बिस्सोला विचारलं, काय चाललंय. ओर्बिस्सो त्यांच्या भाषेत म्हणाला, काही नाही, घरगुती तंटा आहे. किनारा आपल्या हातून कसा निसटला हे सांगायची संधी त्याच्या जिभेवर होती. ती त्यानं गिळली. त्या वेळी लईताला मित्राकडे बघवलं नाही.

कदाफोचा हा पहिलाच न्याय होता. "विहिरी राहिल्या त्या तुझ्यामुळं, दाजी," तो म्हणाला. "हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण दागू माझा एकट्याचा नाही, त्यातलं खोटं मी माफ कसं करू? आजपासून लईताला कुणी खबर विचारायची नाही."

हे होणार, हे लईताला बाभळीखालीच माहीत होतं. माणसं उठली, त्याला वाट देत, आदरानं, बाजूनं गेली. आदर सगळ्यांना होता, आणि तोच सहन होत नव्हता.

झोपडीत मोमिनाचा आवाज रडून बसला होता. तिनं त्याला दूध दिलं आणि समोर बसून तीन दिवसांची खबर सांगितली. बापाचे केस कसे विंचरले, विहिरीवर फ्रेंच खलाशी बघत होता म्हणून मुद्दाम मोठ्यानं कशी हसली, हुंदका गिळून गिळून घसा कसा सुजला. लईतानं सगळं ऐकलं. तिलाही त्याच्याकडून एक गोष्ट हवी होती, हे त्याला कळत होतं. कदाफो सकाळपासून दगडासारखा बसला होता, बापासाठी एक टिपूस नाही, असं ती दोनदा म्हणाली. उंटाच्या मानेवर डोकं टेकून तो कसा रडला, ते लईताच्या ओठांवर होतं, पण तिनं विचारल्याशिवाय सांगून उपयोग नव्हता.

मोमिना बोलायची थांबली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग रिकामी वाटी उचलून ती धुवायला बाहेर गेली.